सपाट टप्पा कसा पाहावा: सायकल शर्यतीतला स्प्रिंट नव्याने बघणाऱ्यांसाठी

अनेक दिवसांच्या सायकल शर्यतीतला सपाट टप्पा, म्हणजे बहुतेक सपाट रस्त्यावरची एका दिवसाची शर्यत, पहिल्यांदाच लावून बसलेला माणूस बहुधा पाऊण तासात कंटाळतो. पडद्यावर दीडशे-पावणेदोनशे सायकलस्वारांचा घोळका शेतांमधून शांतपणे चाललेला असतो. दोन-तीन जण पुढे निघून गेलेले असतात आणि त्यांना शेवटी गाठणार हे सगळ्यांनाच ठाऊक असते. तब्बल चार तास हे असेच चालते. मग अखेरच्या मिनिटात एकदम गलका होतो आणि कोणीतरी हात वर करतो. तोच का जिंकला, दुसरा का नाही, याचा पत्ता लागत नाही. डोंगरातला टप्पा त्या मानाने सोपा: दमला तो मागे पडला, हे पहिल्याच दिवशी कळते.

सपाट टप्प्यात खरी मारामारी जागेसाठी असते. शेवटच्या दोनशे मीटरांत मोठ्या स्प्रिंटरांचा, म्हणजे अखेरच्या मुसंडीत तरबेज असलेल्यांचा, वेग जवळपास सारखाच असतो. त्या दोनशे मीटरांच्या तोंडाशी कोण कोणाच्या मागे आहे आणि कोणाची वाट मोकळी आहे, यावर निकालाचा मोठा भाग ठरून गेलेला असतो. ही जागा मिळवण्याची झटापट पंचवीस-तीस किलोमीटर आधीच सुरू होते. ती दिसायला लागली की टप्पा समजायला लागतो. खाली पायरीपायरीने तेच सांगतो. उदाहरणे बहुतेक तीन आठवड्यांच्या टूर द फ्रान्सची आहेत, कारण नवा प्रेक्षक तिथूनच सुरुवात करतो. पण मे महिन्यातली इटलीची जिरो किंवा युरोपातल्या उन्हाळ्याच्या शेवटची स्पेनची व्हुएल्टा बघतानाही हेच उपयोगी पडेल.

सगळ्याच्या मुळाशी वारा

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग वाढतो तशी हवेची अडवणूक त्याहून कितीतरी झपाट्याने वाढते. म्हणून जो दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालतो त्याचे कष्ट पुष्कळ कमी होतात. घोळक्याच्या पोटात तर कमालच असते. २०१८ साली बर्ट ब्लॉकन या संशोधकाच्या गटाने १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. एकट्याने चालणाऱ्याला हवेचा जो विरोध होतो, त्याच्या जेमतेम ५ ते १० टक्के विरोध घोळक्यात आत आणि मागे बसलेल्याला होतो, असे त्यात दिसले.

बाकीचे सगळे डावपेच इथूनच निघतात. पुढे पळालेल्यांना घोळका का गाठू शकतो, स्प्रिंटर दिवसभर का लपून बसतो, त्याच्यापुढे चार सहकारी का राबतात, या सगळ्याचे उत्तर आडोसा हेच आहे. पडद्यावर काही कळेनासे झाले की आत्ता वारा कोण खातोय आणि आडोशाला कोण बसलाय एवढे शोधा. निम्मा उलगडा तिथेच होतो.

पायरी १: टप्पा सुरू होण्याआधी नकाशा बघा

प्रत्येक टप्प्याचा उंचीचा आलेख आयोजक आधीच जाहीर करतात. सपाट टप्पा म्हणजे एकही चढ नाही असे नसते. छोटे चढ असतातच. ते कुठे आहेत एवढेच बघायचे. शंभर किलोमीटर आधीच्या टेकडीने फारसे बिघडत नाही. शेवटच्या पंधरा किलोमीटरांत दीड-दोन किलोमीटरांचा चढ असेल तर मात्र जड अंगाचे स्प्रिंटर तिथे मागे पडू शकतात, आणि दिवस वाऊट व्हान आर्ट किंवा बिनियम गिरमाय यांच्यासारख्या, चढावरही टिकणाऱ्या गड्यांचा होऊ शकतो.

आलेखापेक्षा शेवटच्या पाच किलोमीटरांचा नकाशा जास्त मोलाचा, असे माझे मत आहे. त्यात तीन गोष्टी शोधा. शेवटचे वळण अंतिम रेषेपासून किती अंतरावर आहे? ते तीन-चारशे मीटरांवर असेल तर वळणात पहिल्या चार-पाचांत जो शिरेल त्याचीच चलती, मागच्यांना पुढे यायला जागाच उरत नाही. सरळ रस्ता दीड किलोमीटरचा असेल तर उशिरा मुसंडी मारणाऱ्यालाही संधी असते. दुसरे म्हणजे रस्ता कुठे अरुंद होतो आणि वाहतुकीची गोल बेटे किती आहेत. फ्रान्समध्ये यांचा सुकाळ आहे. बेटाच्या कोणत्या बाजूने जायचे यावरून घोळका दुभंगतो आणि एखाद्या संघाची सगळी रचना तिथेच मोडते. तिसरे, शेवटचा रस्ता किंचित चढता आहे की उतरता. चढता असेल तर निखळ ताकद लागते. उतरत्या रस्त्यावर वेग भयंकर वाढतो आणि चुकीला माफी नसते. ऑगस्ट २०२० मध्ये टूर ऑफ पोलंडच्या पहिल्याच टप्प्यात, कातोवित्सेच्या उतरत्या रस्त्यावर डायलन ग्रोनेवेगेनने आपली सरळ वाट सोडली आणि फाबियो याकोब्सन कठड्यांवर आदळून जिवावरच्या दुखण्यात सापडला. ग्रोनेवेगेनवर नऊ महिन्यांची बंदी आली. याकोब्सन सावरला, परतला, आणि २०२२ च्या टूरमध्ये डेन्मार्कमधला दुसरा टप्पा त्याने जिंकला. दुसऱ्याच दिवशी तिसरा टप्पा ग्रोनेवेगेनने जिंकला!

हवामानाच्या अंदाजात वाऱ्याची दिशाही बघून ठेवा. शेवटच्या रस्त्यावर वारा समोरून असेल तर जो आधी बाहेर पडेल तो बहुधा फसतो आणि मागून येणाऱ्याचे फावते. वारा पाठीमागून असेल तर लवकर सुटलेल्याला गाठणे कठीण.

पायरी २: दोन-तीन गडी निवडा आणि त्यांचे रंग पाठ करा

टूरमध्ये साधारण २२-२३ संघ असतात, प्रत्येकात ८ जण. सगळे ओळखू येणे शक्य नाही आणि गरजही नाही. त्या दिवसाचे दोन-तीन दावेदार निवडा आणि त्यांच्या संघांचे कपडे एकदा नीट बघून घ्या. अलीकडच्या वर्षांत सपाट टप्प्यांवर यास्पर फिलिप्सन, टिम मेर्लियर, जोनाथन मिलान आणि गिरमाय ही नावे सतत कानावर येतात. महिलांच्या शर्यतीत लोरेना वीबेस. २०२२ साली महिलांची टूर नव्या रूपात सुरू झाली, तिचा शाँझ-एलिझेवरचा पहिलाच टप्पा तिने जिंकला होता.

स्प्रिंटरांत दोन जाती आहेत आणि हा फरक बघताना फार उपयोगी पडतो. काहींच्या पुढे सहकाऱ्यांची रांग असते. तिला सगळे ‘ट्रेन’ म्हणतात. या ट्रेनमधला शेवटचा डबा म्हणजे लीड-आउट देणारा गडी: स्प्रिंटरला आपल्या मागे घेऊन शेवटच्या दोन-अडीचशे मीटरांपर्यंत वारा कापत नेणारा. ब्रिटिश स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशच्या भरातल्या काळात हे काम मार्क रेनशॉ करायचा. २००९ साली पॅरिसमधल्या शेवटच्या टप्प्यात तर रेनशॉने त्याला इतका नेमका सोडला की कॅव्हेंडिश पहिला आणि रेनशॉ स्वतःच दुसरा आला. बाकीचे सगळे त्यांच्या मागे. २०२३ मध्ये फिलिप्सनने टूरमध्ये चार टप्पे जिंकले. त्यांतल्या सुरुवातीच्या विजयांत मॅथ्यू व्हान डर पूलने त्याला पुढे आणले होते. जगातला एक सर्वांत ताकदवान सायकलपटू दुसऱ्यासाठी वारा कापतोय हे दृश्यच बघण्यासारखे होते.

दुसऱ्या जातीला ट्रेन नसते, किंवा असली तरी तिचा भरवसा नसतो. हे लोक दुसऱ्यांच्या ट्रेनवर फुकट प्रवास करतात: या चाकावरून त्या चाकावर उड्या मारत, फट दिसली की घुसत. ऑस्ट्रेलियाचा रॉबी मॅकइवेन यातला उस्ताद, तीन वेळा टूरची हिरवी जर्सी (गुणांत पहिला येणाऱ्याची) त्याने अशीच मिळवली. मला स्वतःला ही दुसरी जात जास्त आवडते. ट्रेनवाल्याचा विजय कसरतीसारखा नेटका असतो, या दुसऱ्यांचा शेवटपर्यंत अंदाज लागत नाही.

पाठीवरच्या क्रमांकाचीही मदत होते. क्रमांक संघवार सलग दिलेले असतात आणि १ ने संपणारा क्रमांक बहुधा संघाच्या म्होरक्याचा असतो. पिवळी जर्सी एकूण वेळेत पहिला असलेल्याची, हिरवी गुणांत आघाडीवर असलेल्याची. सपाट टप्प्याच्या दिवशी आपले लक्ष हिरवीकडे. टूरमध्ये अलीकडे सपाट टप्पा जिंकणाऱ्याला ५० गुण मिळतात, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. शिवाय पहिल्या तिघांना एकूण वेळेतून १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते. सर्वांत जास्त वेळा हिरवी जर्सी घरी नेली पीटर सगानने, ७ वेळा. २०२४ साली ती गिरमायकडे गेली. तो एरिट्रियाचा, आणि टूरचा टप्पा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी सायकलपटू.

पायरी ३: सुरुवातीचे तास कसे घालवावेत

स्पष्टच सांगतो: पहिले अडीच-तीन तास पडद्याला चिकटून बसायची गरज नाही. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे बघा, कोण पळतोय ते कळेल, आणि आपापल्या कामाला लागा. आवाज चालू ठेवा म्हणजे झाले.

पळणारे पळतात कशाला, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या प्रेक्षकाला पडतो. शेवटी गाठणारच असतील तर दीडशे किलोमीटर उर का फोडायचा? एक तर ते दिवसभर पडद्यावर दिसतात आणि छातीवरचे प्रायोजकाचे नावही दिसते. लहान संघांचा संसार त्यावर चालतो. दिवसाच्या लढवय्याचे बक्षीस असते. आणि शंभरातल्या त्या एखाद्या दिवसाची आशा असतेच.

घोळका त्यांना पतंगासारखा ढील देऊन खेळवतो: दोन-चार मिनिटांपर्यंत जाऊ देतो, मग दोर हळूहळू ओढत आणतो. फार लवकर गाठणेही सोयीचे नसते, कारण मग नवे कोणीतरी पळते आणि डोकेदुखी परत सुरू. घोळक्याच्या तोंडाशी कोणत्या संघांचे गडी राबताहेत ते बघा. ज्या संघांना आपल्या स्प्रिंटरवर विश्वास आहे तेच माणूस देतात. दावेदार असूनही एखादा संघ एकही माणूस देत नसेल, तर त्यांचा गडी आज बरा नाही किंवा ते दुसऱ्यांच्या जिवावर उड्या मारताहेत, असा अंदाज बांधायला हरकत नाही. या राबणाऱ्यांना कधी मान मिळत नाही. बेल्जियमचा टिम डेक्लर्क वर्षानुवर्षे तासन्‌तास घोळका ओढायचा, म्हणून लोक त्याला ट्रॅक्टर म्हणत.

पळालेले टिकतील का, याचा एक जुना ठोकताळा आहे. फ्रान्सचे माजी सायकलपटू आणि समालोचक रॉबेर शापात यांच्या नावाने तो ओळखला जातो: उरलेल्या दर दहा किलोमीटरांमागे एक मिनिटाची आघाडी हवी. म्हणजे ३० किलोमीटर राहिले असताना आघाडी दीड मिनिट असेल तर पळालेल्यांचे काही खरे नाही. हा ठोकताळा चुकतो तो दिवस मात्र चुकवू नये असा असतो. २०२३ च्या टूरमधला १८ वा टप्पा, बूर्ग-आँ-ब्रेसचा, असाच. तिसरा आठवडा, सगळे थकलेले, आणि पुढे पळालेले चौघे एकाहून एक दणकट. घोळका अगदी मानेवर आला तरी त्यांना गाठू शकला नाही आणि कास्पर आस्ग्रीन जिंकला. उलट २०२५ मध्ये शातोरूच्या टप्प्यात व्हान डर पूल सहकारी योनास रिकार्टला घेऊन सुरुवातीलाच पळाला आणि अखेरच्या किलोमीटरात, रेषा जवळजवळ दिसत असताना गाठला गेला. त्या दिवशी टप्प्याचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरांच्या वर गेला. टूरच्या इतिहासात याहून वेगवान साधा (म्हणजे घड्याळाविरुद्धचा नव्हे असा) टप्पा एकच, १९९९ चा लाव्हाल ते ब्ल्वा, ताशी ५०.३५५ किलोमीटर.

तेव्हा नियम असा ठेवा: पहिला आठवडा असेल तर पळणाऱ्यांवर पैज लावू नका. तिसरा असेल तर लक्ष ठेवा.

पायरी ४: मधला स्प्रिंट

टप्प्याच्या वाटेवर एका ठिकाणी गुणांसाठी छोटी रेषा असते. टूरमध्ये तिथे पहिल्याला २० गुण मिळतात. पळालेल्यांनी वरचे गुण उचलले तरी घोळक्यातले स्प्रिंटर उरलेल्यांसाठी निघतात. पाच मिनिटांचा खेळ, पण कोणाचे पाय आज मोकळे आहेत हे त्यात दिसते. काही मुद्दाम झाकूनही ठेवतात, म्हणून फार निष्कर्ष काढू नका. धोका मात्र खरा असतो. २०२५ मध्ये हिरवी जर्सी अंगावर असलेला फिलिप्सन तिसऱ्या टप्प्याच्या अशाच मधल्या स्प्रिंटमध्ये पडला, गळपट्टीचे हाड मोडले आणि त्याची टूर तिथेच संपली.

पायरी ५: बाजूचा वारा असेल तर काहीही बाजूला ठेवा आणि बघा

समोरचा वारा घोळक्याला संथ करतो, पाठचा वेग देतो. बाजूचा मात्र घोळक्याचे तुकडे करतो. वारा डावीकडून आला तर आडोसा पुढच्याच्या उजव्या अंगाला, थोडा मागे मिळतो. म्हणून स्वार तिरक्या रांगेत पसरतात. पण रस्त्याची रुंदी ठरलेली. त्या तिरक्या रांगेत पंधरा-वीस जण मावतात, बाकीचे रस्त्याच्या कडेला एकामागे एक लोंबकळतात. त्यांना आडोसा नाही. त्यातल्या एकाने दम सोडला की त्याच्या पुढे फट पडते, आणि त्याच्या मागचे सगळे गेलेच.

हे हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यातून फार सुंदर दिसते. खुणा आधीच दिसतात: झाडांच्या फांद्या आणि झेंडे एका बाजूला ताणलेले, उघड्या माळावरचा रस्ता, आणि एखादा मोठा संघ अचानक सगळ्या माणसांसह तोंडाशी आलेला. असे दिसले की उठू नका. २०२५ च्या टूरमध्ये लीलच्या पहिल्याच टप्प्यात शेवटच्या वीस किलोमीटरांच्या आत असेच घडले. एकूण विजेतेपदाच्या दावेदारांपैकी पोगाचार आणि विंगेगार्ड पुढच्या गटात, एव्हेनपूल आणि रोग्लिच मागे. मागच्या दोघांचे ३९ सेकंद गेले, तेही एकही डोंगर न चढता. फिलिप्सन पुढच्या गटात होता आणि टप्पा त्याने जिंकला. बाकीचे काही मोठे स्प्रिंटर मागेच अडकल्यामुळे स्प्रिंटला उतरलेही नाहीत.

पायरी ६: शेवटचे पंचवीस किलोमीटर, दोन शर्यती एका रस्त्यावर

इथून पुढे मात्र बसा. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेले किलोमीटर आणि आघाडीची वेळ दिसत असते. आता घोळक्याचा आकार बघा. रुंद आणि गोल असेल तर वेग अजून बेताचा आहे. लांबट, सापासारखा झाला की कोणीतरी पुढे जोर लावला आहे आणि मागचे धापा टाकताहेत.

याच वेळी नवख्याला गोंधळात टाकणारी गोष्ट घडते. स्प्रिंटशी संबंध नसलेले, एकूण वेळेसाठी लढणारे लोकही आपापल्या संघासह पुढे घुसतात. पोगाचारला इथे काय काम, असे वाटते. काम एवढेच की मागे कोणी पडले, घोळका तुटला, तर त्याचा वेळ जाऊ नये. म्हणून एकाच रस्त्यावर दोन शर्यती चालतात आणि दोघांनाही पहिली वीस माणसांची जागा हवी असते. पडापड होते ती बहुतेक यामुळेच.

यावर तोडगा म्हणून तीन किलोमीटरांचा नियम आहे. सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरांत कोणी पडला किंवा सायकल बिघडली, तर त्याला तो ज्या गटात होता त्याच गटाची वेळ दिली जाते. अलीकडे काही टप्प्यांसाठी ही हद्द पाच किलोमीटरांपर्यंत वाढवतात. ती हद्द ओलांडली की पाहा: एकूण वेळेवाले सुटकेचा निःश्वास टाकून बाजूला होतात आणि तोंडाशी फक्त स्प्रिंटरांचे संघ उरतात. हा बदल एकदा डोळ्यांनी पकडला की पुढचे सगळे स्वच्छ दिसते.

दहा किलोमीटरांपासून माणसे मोजायला लागा. तुमच्या निवडलेल्या स्प्रिंटरपुढे अजून किती सहकारी शिल्लक आहेत? दहा किलोमीटरांवर पाच, तीन किलोमीटरांवर तीन, शेवटच्या किलोमीटरात दोन असा हिशेब असेल तर उत्तम. पाच किलोमीटरांवरच एक उरला असेल तर संघाने पत्ते लवकर टाकले. एखादा संघ पंधरा किलोमीटरांपासून दिमाखात पुढे असेल तर त्याला बघून हुरळू नका. तो बहुतेक वेळा शेवटी रिकामा होतो. मागून, सात-आठ नंबरावरून, दीड किलोमीटर राहिले असताना वर येणारी ट्रेन जास्त धोकादायक.

पायरी ७: लाल त्रिकोण आणि त्यानंतरचे मिनिट

रस्त्यावर कमानीखाली लाल त्रिकोणी निशाण लटकलेले दिसले की शेवटचा किलोमीटर सुरू. ताशी साठच्या वेगाने तो बरोबर एका मिनिटात संपतो. इथे नजर कुठे ठेवायची?

सगळ्यात पुढच्या माणसाकडे बघू नका. तो बहुधा जिंकणारा नसतो, पुढच्या काही सेकंदांत बाजूला होणारा असतो. ट्रेनमधला एकेक गडी जीव तोडून वीस-तीस सेकंद ओढतो आणि झटकन कडेला होतो. तुम्ही तिसऱ्या ते सहाव्या जागेकडे बघा, आणि चेहरे सोडून चाकांकडे. कोण कोणाच्या मागच्या चाकाला लागला आहे? सगळ्यांत वेगवान म्हणून ज्याची चर्चा असते त्याच्या मागचे चाक म्हणजे सोन्याची जागा. तिच्यासाठी खांद्याला खांदे भिडतात. कधी त्याहून जास्तही: २०१० साली रेनशॉने ज्युलियन डीनला डोक्याने ढुसण्या दिल्या आणि त्याला टूरमधून घरी पाठवले गेले.

मग सुटण्याचा क्षण. साधारण २०० ते २५० मीटरांवर स्प्रिंटर आडोशातून बाहेर पडतो. हा एवढा एकच निर्णय त्याचा स्वतःचा, आणि तो उलटवता येत नाही. लवकर सुटला तर शेवटच्या तीस मीटरांत पाय जड होतात आणि मागचा त्याच्याच आडोशाने येऊन पुढे जातो. उशीर केला तर दोन्ही बाजूंनी बंद होतो, कठडे आणि दुसऱ्याची सायकल यांच्या मध्ये. अनेक उत्तम स्प्रिंटर असेच हरतात. पायांत ताकद शिल्लक, पण वाटच नाही. निकालाच्या यादीत असा माणूस नववा दिसतो आणि लोक म्हणतात, याचा आता जोर गेला. शेवटच्या चित्रफितीत तो पेडल थांबवून बसलेला दिसला तर समजा, जोर शाबूत आहे.

३ जुलै २०२४ चा सें-व्हुल्बासचा टप्पा कुठेही मिळाला तर बघा. एकोणचाळीस वर्षांच्या कॅव्हेंडिशने त्या दिवशी टूरमधला आपला ३५ वा टप्पा जिंकून बेल्जियमच्या एडी मेर्क्सचा ३४ चा विक्रम मोडला. त्याच्यापेक्षा ताकदवान तरुण त्या रस्त्यावर होते. त्याने शेवटच्या किलोमीटरात एक चाक सोडून दुसरे पकडले, योग्य वेळी मोकळ्या बाजूला सरकला आणि फिलिप्सनला सहज मागे टाकले. पहिल्यांदा नुसते बघा. दुसऱ्यांदा फक्त त्याच्याकडे बघा.

रेषेवर स्वार हात सरळ करून सायकल पुढे फेकल्यासारखी ढकलतात. पुढच्या चाकाची कड रेषेला कधी लागली यावर निकाल असतो, म्हणून ती हालचाल. २०१७ मध्ये नुइ-सें-जॉर्जला मार्सेल किटेलने एड्वाल्ड बोआसन हागेनला ६ मिलिमीटरांनी हरवले होते. हात लवकर वर करण्याची किंमत एरिक झाबेलला विचारा: २००४ च्या मिलान-सॅन रेमो या एका दिवसाच्या शर्यतीत तो जिंकल्याच्या आनंदात हात उंचावत असताना ऑस्कर फ्रेरेने सायकल ढकलली आणि शर्यत नेली.

पायरी ८: रेषेनंतर लगेच बंद करू नका

थेट प्रक्षेपणात स्प्रिंट बहुधा समोरच्या कॅमेऱ्यातून दिसतो. त्या लांब पल्ल्याच्या भिंगातून अंतरे चेपली जातात, एक सायकलभर मागे असलेलाही बरोबरीत वाटतो. वरून, हेलिकॉप्टरमधून घेतलेले दृश्य दोन-तीन मिनिटांत पुन्हा दाखवतात. खरी गोष्ट तिथे कळते: कोण कुठून आला, कोण अडकला, कोणी वाट सोडली. माझा आग्रह असा की थेट स्प्रिंट चुकला तरी चालेल, हे चुकवू नका. अनेक संघ सायकलवर बसवलेल्या कॅमेऱ्यांची दृश्येही नंतर टाकतात. त्यातला गलका आणि हातभर अंतरावरची चाके बघून वरून सरळ दिसणारा रस्ता किती अरुंद होता ते कळते.

निकाल पक्का व्हायला वेळ लागू शकतो. अगदी काटावरची लढत असेल तर रेषेवरचे छायाचित्र तपासतात. त्यानंतर पंच स्प्रिंटची दृश्ये बघतात. नियमाचा गाभा सोपा आहे: स्प्रिंट सुरू झाल्यावर आपली सरळ वाट सोडून दुसऱ्याला अडवायचे नाही. तसे केले तर त्या स्वाराला त्याच्या गटाच्या शेवटच्या जागेवर ढकलतात, गुण जातात, दंड होतो, आणि २०२५ पासून पिवळे कार्डही मिळू शकते. २०२४ मध्ये दीजोंला फिलिप्सन दुसरा आला होता. त्याने वाट बदलून व्हान आर्टला कठड्याकडे दाबले असे पंचांनी ठरवले आणि ती दुसरी जागा गेली. २०१७ ला व्हित्तेलमध्ये कॅव्हेंडिश पडला तेव्हा सगानला शर्यतीतूनच काढले. तो निर्णय बरोबर होता का यावर चाहते अजून भांडतात. वरचे दृश्य दोनदा बघून तुम्हीही एखादी बाजू घेऊ शकता.

वेळ कमीच असेल तर एवढे करा: आदल्या दिवशी शेवटच्या पाच किलोमीटरांचा नकाशा, टप्प्याच्या दिवशी शेवटचे पंचवीस किलोमीटर, आणि नंतर वरून दिसणारा शेवटचा किलोमीटर दोनदा. पहिल्या वेळी जिंकणाऱ्याकडे, दुसऱ्या वेळी चौथ्या आलेल्याकडे बघा.